चंद्राकडे रोखलेली तोफ

कोणत्याहि ग्रंथाची स्तुति दोन तऱ्हांनीं करतां येते. ग्रंथांत जें आहे त्याबद्दल करतां येते, आणि पुढें घडलेल्या गोष्टी त्यांत अगोदरच सांगितल्या होत्या म्हणूनहि करतां येते. यांपैकीं दुसरी तऱ्हा सोपी. कारण तिच्यासाठीं ग्रंथ वाचावा लागत नाहीं, पुढचा इतिहास ठाऊक असला म्हणजे पुरतें. ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराच्या वांट्यास १९६९ सालापासून ही दुसऱ्या तऱ्हेची स्तुति इतकी आली आहे कीं, पहिल्या तऱ्हेनें त्याचा विचार करण्याची आठवणच फारशी कोणास राहिलेली नाहीं. त्याची 'पृथ्वीवरून चंद्रावर' ही कादंबरी १८६५ सालीं निघाली. तिचा उत्तरार्ध 'चंद्राभोंवतीं' हा १८७० सालीं पुस्तकरूपानें आला. त्यानंतर शंभर वर्षें पुरीं होण्याच्या आंत माणूस खरोखरच चंद्रावर जाऊन आला आणि व्हर्न हा कादंबरीकाराचा भविष्यवेत्ता झाला. हा मान त्याला कितपत शोभतो, आणि त्याच्या खऱ्या गुणावर या मानानें पडदा तर पडला नाहीं ना, याचा थोडा विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

कथानक अनेक वाचकांच्या परिचयाचें असेल. तथापि त्याचे सांधे येथें उकलून दाखविणें अवश्य आहे. अमेरिकेंतील यादवी युद्ध नुकतेंच संपलें आहे. बाल्टिमोर शहरांत तोफा रचणाऱ्या व सुधारणाऱ्या मंडळींचा 'गन क्लब' नांवाचा एक संघ आहे. या संघांत धड हातापायांचा सभासद विरळा. कोणाचा पाय लांकडी, कोणाच्या हाताच्या जागीं लोखंडी आंकडा, कोणाचा जबडा रबरी. युद्ध संपल्यामुळें ही मंडळी उद्योगावांचून सुस्कारे टाकीत बसलेली असतांना अध्यक्ष बार्बिकेन उठतो आणि चंद्रावर तोफेचा गोळा मारण्याची कल्पना मांडतो. केंब्रिजच्या वेधशाळेकडे प्रश्न जातात व उत्तरें येतात. गोळ्याला सेकंदास १२,००० यार्डांचा वेग पाहिजे. आणि चंद्र बरोबर डोक्यावर येईल अशी जागा पाहिजे, म्हणजे विषुववृत्तापासून २८ अंशांच्या आंतली. या मानासाठीं टेक्सस व फ्लोरिडा या दोन संस्थानांत भांडण जुंपतें आणि फ्लोरिडा जिंकतें. देशोदेशींच्या वर्गण्यांतून सुमारें ५४ लाख डॉलर जमतात. इंग्लंड मात्र एक पैहि देत नाहीं. ९०० फूट लांबीची व ९ फूट तोंडाची 'कोलंबियाड' ही तोफ जमिनींतच उभी ओतली जाते आणि ४ लाख पौंड गन-कॉटन तिच्यांत ठासलें जातें.

इतक्यांत मिशेल आर्दां नांवाच्या फ्रेंच गृहस्थाची तार येते कीं, वाटोळ्या गोळ्याऐवजीं लांबट व निमुळत्या टोंकाचा गोळा करा, मी त्यांत बसून जाणार. बार्बिकेनचा जुना प्रतिस्पर्धी कॅप्टन निकोल हा चिलखती पत्रे करणारा. याची तोफ आणि त्याचा पत्रा यांचें आयुष्यभर वैर. दोघे द्वंद्वयुद्धासाठीं रानांत उतरतात, आणि आर्दां त्यांची समजूत घालून दोघांनाहि आपल्याबरोबर गोळ्यांत बसवितो. उत्तरार्धांत वाटेंत भेटलेल्या एका अशनीच्या ओढीनें गोळ्याचा मार्ग वांकतो, तो चंद्राला वळसा घालून परत फिरतो आणि पॅसिफिक महासागरांत पडतो. शोध करणाऱ्यांना आंतली मंडळी स्वस्थपणें डोमिनो खेळत बसलेली सांपडतात.

भविष्यकथनाचे पुरस्कर्ते येथें साम्यांची यादी पुढें करतात. व्हर्नचे प्रवासी तीन, अपोलोचेहि तीन. प्रस्थान दोहोंचेंहि फ्लोरिडांतून. परतीची जागा दोहोंचीहि पॅसिफिक महासागर. १९६८ च्या डिसेंबरांत अपोलो-८ हें यान चंद्राभोंवतीं फिरून, न उतरतां परत आलें; व्हर्नचा गोळाहि डिसेंबरांतच सुटतो आणि न उतरतांच परततो. यादी मनोरंजक आहे यांत संशय नाहीं. परंतु तिच्यांतील प्रत्येक कलम कांट्यावर घालून पाहिल्यावांचून तिला वजन देतां येत नाहीं. फ्लोरिडाचें साम्य अगदींच आंधळें नव्हे. व्हर्नला अमेरिकेच्या हद्दींतील विषुववृत्ताजवळची भूमि हवी होती, आणि अमेरिकेच्या अग्निबाणशास्त्रज्ञांनाहि तशीच हवी होती. मात्र कारणें निराळीं. व्हर्नला चंद्र माथ्यावर हवा होता. शास्त्रज्ञांना पृथ्वीच्या पूर्वेकडे फिरण्याचा लाभ हवा होता, जो विषुववृत्ताकडे जावें तसा वाढतो, आणि पूर्वेस मोकळा समुद्र हवा होता. तिघांचें साम्य हा मात्र केवळ योगायोग. व्हर्नचे तिघे म्हणजे दोन भांडखोर आणि एक मध्यस्थ. ती संख्या नाट्याच्या गरजेनें ठरली आहे. अपोलोचे तिघे कामाच्या वांटणीनें ठरले. आणि पॅसिफिक हा तर पृथ्वीवरील सर्वांत मोठा समुद्र. आकाशांतून पडणाऱ्या वस्तूला तोच सांपडला तर त्यांत भविष्य जाणण्याची आवश्यकता कोठें आली?

या प्रकरणांत एक बारीकशी गोष्ट मोठी बोधप्रद आहे. १९६९ च्या जुलैंत अपोलो-११ परतीच्या वाटेवर असतांना नील आर्मस्ट्राँगनें यानांतून जें भाषण केलें त्यांत त्यानें व्हर्नचें स्मरण केलें, आणि व्हर्नच्या यानाचें नांव कोलंबिया असल्याचें सांगितलें. त्याच्या स्वतःच्या यानाचें नांव कोलंबियाच होतें. परंतु कादंबरी उघडून पाहणारास दिसेल कीं तिच्यांत यानाला नांवच नाहीं. 'कोलंबियाड' हें तोफेचें नांव आहे. दोष काढण्याच्या हेतूनें आम्ही हें सांगत नाहीं. चंद्रावरून परतणाऱ्या मनुष्यानें पुस्तकांतील टिपणें ताडून पाहत बसावें, अशी अपेक्षा कोण करील? या गोष्टीचें महत्त्व निराळें आहे. शंभर वर्षांत वाचकांच्या स्मरणानें व्हर्नच्या पुस्तकांतून तोफ काढून टाकली आणि यान तेवढें ठेविलें. त्यांना तोफेची अडचण वाटली असावी. कारण चंद्रावर कोणी तोफेनें गेलें नाहीं. पण तोफ हाच तर त्या पुस्तकाचा प्राण! धनुष्यावांचून सीतास्वयंवर सांगावें, तसें तोफेवांचून व्हर्नची चंद्रकथा सांगणें होय.

आतां ही तोफ तपासून पाहूं. व्हर्ननें हिशेबांत हयगय केलेली नाहीं; गणिताचा अध्यापक असलेल्या एका आप्ताचें साहाय्य त्यानें घेतलें होतें. सेकंदास १२,००० यार्ड म्हणजे जवळजवळ ११ किलोमीटर. पृथ्वीच्या ओढींतून सुटण्यास लागणारा वेग ११.२ किलोमीटर आहे. १८६५ सालच्या कादंबरीकडून याहून अधिक अचूकपणा मागणें अन्यायाचें होईल. चूक वेगाच्या आंकड्यांत नसून तो वेग देण्याच्या रीतींत आहे. तोफेच्या तळाचा सुमारें २०० फुटांचा भाग दारूनेंच व्यापलेला. उरले ७०० फूट. एवढ्या अंतरांत शून्यापासून ११ किलोमीटरांचा वेग गांठावयाचा म्हणजे वेळ मिळतो तो सेकंदाच्या सुमारें पंचविसाव्या भागाइतका. त्या क्षणीं प्रवाशाच्या देहावर त्याच्या नेहमींच्या वजनाच्या पंचवीस हजार पटींहून अधिक भार पडेल. साठ किलो वजनाचा मनुष्य तेवढ्यापुरता दीड हजार टनांहून जड होईल. म्हणजे मनुष्य म्हणून उरणारच नाहीं. अपोलोच्या प्रवाशांना उड्डाणाच्या वेळीं जो भार सोसावा लागला, तो वजनाच्या सुमारें चौपट होता. व्हर्नला ही अडचण दिसली नव्हती असें नाहीं. त्यानें गोळ्याच्या तळाशीं तीन फूट पाण्याची गादी घातली आहे. त्यापूर्वीं प्रयोग म्हणून एक मांजर व एक खार तोफेंतून उडविली जाते. मांजर सुखरूप परत येतें, खार मात्र दिसत नाहीं, कारण वाटेंत तिला मांजरानें गट्ट केलेलें असतें. वाचक हंसतो आणि शंका विसरतो. कादंबरीकाराचें हें कौशल्य आहे. गणिताला तें उत्तर मात्र नव्हे.

सुदैवानें कांहीं वाचक हंसले तरी शंका विसरले नाहींत. ट्रान्सिल्व्हेनियांत १८९४ सालीं जन्मलेला हेर्मान ओबेर्थ हा अकरा-बारा वर्षांचा असतांना व्हर्नच्या या कादंबऱ्यांचीं पारायणें करीत असे. त्यानें स्वतःच हिशेब करून पाहिला आणि तोफेंतील प्रवासी चुरडून मरतील असें त्याला आढळलें. मग न चुरडतां तोच वेग कसा देतां येईल, या प्रश्नानें त्याला जें पछाडलें तें जन्मभर. अवकाशयानाविषयींचा त्याचा प्रबंध हायडेलबर्गच्या विद्यापीठांत नाकारला गेला. तोच १९२३ सालीं 'ग्रहांच्या अवकाशांत अग्निबाण' अशा आशयाच्या नांवानें पुस्तकरूपानें आला आणि जर्मनींतील तरुण अग्निबाणप्रेमींचें तें आद्य पुस्तक ठरलें. त्याच्याहि अगोदर, रशियांतील कालुगा या गांवीं एक शिक्षक हाच प्रश्न सोडवीत बसला होता. कोन्स्तान्तिन त्सिओल्कोव्हस्की हें त्याचें नांव. लहानपणीं आलेल्या तापानें त्याला बहिरेपण आलें होतें, शाळेंतील शिक्षण तुटलें होतें. जें शिकला तें ग्रंथालयांत बसून. अवकाशप्रवासाच्या विचाराचें पहिलें बीज व्हर्ननें पेरलें, असें त्यानेंच लिहून ठेविलें आहे. १९०३ सालीं एका रशियन शास्त्रीय मासिकांत त्याचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि अग्निबाणाच्या गतीचा नियम जगापुढें आला.

हा नियम सामान्य वाचकांसहि समजण्यासारखा आहे. तोफ सर्व वेग एकदम देते. अग्निबाण तो थोडा थोडा घेत जातो. आपल्यांतील पदार्थ जाळून तो वायूच्या रूपानें मागें फेंकतो, आणि त्या फेंकण्याच्या प्रतिक्रियेनें स्वतः पुढें जातो. मागें फेंकलेल्या वायूचा वेग हें आपण माप धरूं. बाणाला त्या मापाइतका वेग यावयाचा असेल तर सुटतांना त्याचें वजन शेवटीं उरणाऱ्या वजनाच्या सुमारें २.७ पट पाहिजे. मापाच्या दुप्पट वेग पाहिजे असल्यास ७.४ पट; तिप्पट पाहिजे असल्यास २० पट. वेग पायरीपायरीनें वाढतो, पण जाळावयाचा पदार्थ गुणाकारानें वाढतो. म्हणूनच उत्तम जळण शोधावें लागतें, आणि म्हणूनच रिकामे झालेले भाग वाटेंत टाकून देणारे टप्प्याटप्प्यांचे बाण करावे लागतात. द्रवरूप हायड्रोजन व द्रवरूप ऑक्सिजन यांचें जळण त्सिओल्कोव्हस्कीनें त्याच निबंधांत सुचविलें, आणि टप्प्यांच्या 'अग्निबाणगाडी'चें विवेचन १९२९ सालीं केलें. अपोलो-११ ला घेऊन उडालेला सॅटर्न-५ सुटतांना सुमारें २,९०० टनांचा होता. पॅसिफिकमध्यें परत पडलेला भाग सुमारें पांच टनांचा. जवळजवळ सहाशें भागांतील एक भाग परत आला. व्हर्नचा गोळा जसा निघतो तसाच अख्खा परततो; आणि चंद्राचा प्रवास काय किंमतीला पडतो, हें त्या अख्खेपणानें वाचकांपासून लपून राहतें.

यांत नवल असें कीं, अग्निबाण व्हर्नच्या हातांतच होता. चंद्रावर उतरतांना धक्का मंद व्हावा म्हणून त्याच्या प्रवाशांनीं गोळ्याच्या तळाला बाण बसविलेले आहेत, आणि उत्तरार्धांत ते पेटवितातहि. निर्वात अवकाशांत बाण चालतो, त्याला रेटण्यासाठीं मागें हवा लागत नाहीं, हें या कादंबरीकाराला १८७० सालीं उमगलें होतें. पन्नास वर्षांनंतर, १९२० च्या जानेवारींत, 'न्यूयॉर्क टाइम्स'नें रॉबर्ट गॉडर्ड या प्राध्यापकाची नेमकी याच मुद्द्यावर थट्टा केली. पोकळींत बाण रेटणार कशाला, हें शाळेंतील मुलांनाहि ठाऊक असलेलें ज्ञान या प्राध्यापकाला नाहीं, असा त्या टीकेचा रोख होता. गॉडर्डनें १६ मार्च १९२६ रोजीं मॅसॅच्युसेट्समधील ऑबर्न येथें द्रवरूप जळणाचा पहिला अग्निबाण उडविला; तो अडीच सेकंद उडाला आणि ४१ फूट उंच गेला. त्या वृत्तपत्रानें आपली चूक दुरुस्त केली ती १९६९ च्या जुलैंत, माणसें चंद्राच्या वाटेला लागल्यावर. एवंच, जें संपादकाला दिसलें नाहीं तें कादंबरीकाराला दिसलें होतें. परंतु तोफेच्या मोहानें त्यानें मुख्य साधनाला किरकोळ सामानांत टाकलें.

दुसरा दोषहि याच जातीचा आहे. प्रवासांत त्यांच्या दोन कुत्र्यांपैकीं सॅटेलाइट नांवाचा कुत्रा सुटतेवेळच्या धक्क्यानें मरतो. त्याचें प्रेत बाहेर टाकतात, तर तें मागें न पडतां खिडकीशीं गोळ्याच्या बरोबरीनें चालत राहतें. हें चित्र शास्त्रदृष्ट्या बिनचूक आहे, आणि साहित्यदृष्ट्या तर सबंध ग्रंथांतील सर्वांत अविस्मरणीय आहे. परंतु जें कारण कुत्र्याच्या प्रेताला बरोबर चालवितें, तेंच गोळ्याच्या आंतील माणसांनाहि लागू आहे. तींहि आपल्या खोलींत तरंगलीं पाहिजेत. व्हर्न त्यांना जमिनीवर पाय टेकवून जेवावयास बसवितो, आणि पृथ्वी व चंद्र यांच्या ओढी जेथें समतोल होतात त्या एकाच ठिकाणीं क्षणभर तरंगवितो. खिडकीबाहेर त्याला सत्य दिसलें; खोलींत तें ओळखूं आलें नाहीं. असल्या चुका आम्हांला लाजिरवाण्या वाटत नाहींत. ज्या लेखकानें बाहेरचें प्रेत इतक्या प्रामाणिकपणें रंगविलें, त्यानेंच स्वतःची चूक सिद्ध करणारा पुरावा वाचकाच्या हातीं दिला.

येथें एच. जी. वेल्सशीं तुलना करणें उपयोगाचें होईल. वेल्सची 'चंद्रावरील पहिलीं माणसें' ही कादंबरी १९०१ सालीं आली. तिच्यांतील शास्त्रज्ञ केव्हर हा गुरुत्वाकर्षण अडविणारा 'केव्होराइट' नांवाचा पदार्थ तयार करतो आणि त्याच्या बळावर चंद्रावर जातो. हा धातु मला दाखवा, अशा अर्थाची तक्रार म्हाताऱ्या व्हर्ननें केली होती. कलावंत म्हणून वेल्स श्रेष्ठ आहे, हें आम्हांस मान्य आहे. त्याच्या चंद्रावरील मुंग्यांसारख्या समाजाचें वर्णन व्हर्नला साधलें नसतें. आणि मनुष्यजातीच्या युद्धांची हकीकत केव्हरच्या तोंडून ऐकून चंद्राचा अधिपति जो सावध होतो, तो प्रसंग तर वाचकाला अंतर्मुख करणारा आहे. पण केव्होराइट खोटें आहे असें सिद्ध करण्यासाठीं कोणी पेन्सिल हातीं घेतली नाहीं, कारण तें मोजतांच येत नाहीं. व्हर्नची तोफ मोजतां येते. फूट, पौंड, यार्ड, डॉलर, तास आणि मिनिटें यांनीं त्याचें पान भरलेलें आहे. पुष्कळ रसिकांना हा त्या कादंबरीचा रुक्षपणा वाटतो. आमच्या मतें हाच तिचा खरा गुण आहे. आंकडे देणारा लेखक वाचकाला आपली परीक्षा घेण्याचा अधिकार देतो. ओबेर्थनें तो अधिकार वापरला. अवकाशशास्त्राच्या इतिहासांत व्हर्नचें स्थान आहे तें भविष्य खरें ठरल्यामुळें नव्हे, तर त्याची चूक मोजतां येण्यासारखी होती म्हणून.

परंतु एवढ्यानें या ग्रंथाचा हिशेब पुरा होत नाहीं. चंद्राची वाट कोठून सुरू होते, याविषयीं व्हर्ननें जें म्हटलें आहे तें फारसें कोणी मनावर घेत नाहीं. त्याच्या कथेंत चंद्रावर जाण्याची कल्पना वेधशाळेंत जन्मत नाहीं, कवीच्या मनांतहि जन्मत नाहीं. ती जन्मते तोफा करणाऱ्यांच्या बैठकींत, आणि तीहि माणसें मारण्याचा धंदा बसल्यामुळें. भविष्यकथन म्हणावयाचेंच असेल तर तें हें आहे, आणि तें जितकें खरें ठरलें तितकें दुसरें कोणतेंच नाहीं. ओबेर्थच्या पुस्तकानें भारलेला वेर्नर फॉन ब्राउन हा जर्मन सैन्याच्या पैशावर अग्निबाण करूं लागला. ३ ऑक्टोबर १९४२ रोजीं पेनेम्युंडे येथून त्याचा मोठा बाण यशस्वी रीतीनें उडाला. १९४४ च्या सप्टेंबरांत तोच 'व्ही-२' या नांवानें लंडनवर पडूं लागला. हे बाण नोर्डहाउझेनजवळच्या डोंगराच्या पोटांतील बोगद्यांत तयार होत. तेथें राबणारे लोक मिटेलबाउ-डोरा या छळछावणींतील कैदी होते. सुमारें ६०,००० कैदी त्या छावणींतून गेले, आणि त्यांपैकीं सुमारें २०,००० मेले. हीं अस्त्रें पडून जितकीं माणसें मेलीं त्यांहून अधिक तीं तयार करतांना मेलीं, असें इतिहासकार सांगतात. युद्ध संपल्यावर फॉन ब्राउन अमेरिकेंत गेला, आणि सॅटर्न-५ ची रचना त्याच्याच देखरेखीखालीं झाली. रशियाचीहि कथा फारशी निराळी नाहीं. सेर्गेइ कोरोल्योव्ह याला १९३८ सालीं पकडून कोलिमाच्या सोन्याच्या खाणींत राबविण्यांत आलें. ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं स्पुट्निक आणि १२ एप्रिल १९६१ रोजीं युरी गागारिन यांना अवकाशांत पोंचविणारा बाण त्याचाच. आणि तोहि मुळांत अणुबाँब दूरदेशीं टाकण्यासाठीं रचलेला होता. १९६६ च्या जानेवारींत तो मेला, तोंवर त्याचें नांव जगाला ठाऊक नव्हतें.

हें समजून पुन्हां गन क्लबच्या बैठकीकडे वळावें म्हणजे व्हर्नचा विनोद वेगळ्याच आवाजांत ऐकूं येतो. आमचा या ग्रंथावर मुख्य आक्षेप आहे तो येथेंच. व्हर्नचे लुळेपांगळे तोफकार हंसण्यासारखे आहेत. पण त्यांच्या तोफांनीं ज्यांचे हातपाय नेले असतील त्यांच्यापैकीं एकहि मनुष्य पुस्तकांत कोठें दिसत नाहीं. तोफ ओततांना फ्लोरिडाची जमीन हादरते, पण ती ओतणाऱ्या मजुरांपैकीं एकाचेंहि नांव आपल्याला कळत नाहीं. उपहास आहे, पण दुःख नाहीं. आणि दुःखावांचून उपहास लवकर कौतुकांत मिसळून जातो. चार घटकांत वाचक तोफकारांना हंसणें विसरून त्यांच्या तोफेबरोबर उडूं लागतो. मात्र व्हर्नवर अन्याय होऊं नये म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. १८८९ सालीं त्यानें हीच मंडळी घेऊन तिसरी कादंबरी लिहिली. तिच्यांत गन क्लबचे लोक उत्तर ध्रुवाजवळचा कोळसा मिळविण्यासाठीं एक प्रचंड तोफ उडवून पृथ्वीचा आंसच फिरवूं पाहतात, आणि समुद्र कोठें सरकतील व किती देश बुडतील याची पर्वा करीत नाहींत. जग वांचतें तें कोणाच्या सदसद्विवेकबुद्धीनें नव्हे. हिशेबनिसानें पृथ्वीच्या परिघांतील तीन शून्यें गाळल्यामुळें वांचतें. चोवीस वर्षांत त्या हंसण्याचा रंग किती पालटला आहे, हें या दोन पुस्तकांच्या तुलनेवरून दिसून येतें. तिघांची चंद्रयात्रा वाचून ज्यांना पुस्तक मिटावेंसें वाटतें, त्यांनीं हें तिसरें पुस्तक अवश्य उघडावें.

मराठी वाचकाचा या कथेशीं संबंध आजचा नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभींच कोचीन येथें जन्मलेल्या 'केरळकोकिळ' मासिकांतून 'चंद्रलोकाची सफर' या नांवानें व्हर्नची चंद्रकथा मराठींत आली, पुढें भा. रा. भागवतांनीं 'चंद्रावर स्वारी' लिहून ती मुलांच्या हातीं दिली. त्याच केरळांतील थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजीं भारताच्या भूमीवरून पहिला संशोधनाचा अग्निबाण अवकाशांत गेला. तो बाण अमेरिकेंत बनलेला होता. २३ ऑगस्ट २०२३ रोजीं चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशांत उतरलें, तें मात्र आपल्याच बाणानें निघालेलें होतें. निघाल्यापासून उतरेपर्यंत त्याला चाळीस दिवस लागले, कारण त्यानें पृथ्वीभोंवतीं फेरे घालीत, कक्षा थोडी थोडी लांबवीत वाट काढली. व्हर्नच्या तोफेचा एकच दणका आणि हे सावकाश वाढत गेलेले फेरे, यांत तोफ आणि अग्निबाण यांचा सारा भेद सांठविलेला आहे. आणि तो सुशिक्षित घरांतील मुलांना समजावून सांगण्यास याहून चांगली संधि मिळणार नाहीं.

म्हणूनच घरोघरच्या वडीलमंडळींस आमची एक सूचना आहे. हल्लीं मुलांसाठीं निघणाऱ्या संक्षेपांत बहुधा प्रथम गाळले जातात ते आंकडे, आणि त्यांच्या पाठोपाठ गन क्लबची चेष्टा. उरतें तें केवळ साहस. साहस चांगलें आहे. पण आंकडे गाळल्यानें मुलाच्या हातांतली पेन्सिल जाते, आणि चेष्टा गाळल्यानें तोफ कोणी व कशासाठीं ओतली हा प्रश्न त्याच्या मनांत येत नाहीं. या दोहोंवांचून व्हर्न वाचणारें मूल चंद्रावर जाण्याचें स्वप्न पाहील, परंतु त्या स्वप्नाचा हिशेब त्याला विचारतां येणार नाहीं. अवकाशाच्या इतिहासांत असले हिशेब न विचारण्याचे परिणाम डोंगराच्या पोटांतील बोगद्यांत दिसून आले आहेत.

तात्पर्य, व्हर्नला भविष्यवेत्ता म्हणून पूजणें हा त्याचा गौरव नव्हे. त्याच्या ग्रंथाला वाचनाच्या त्रासांतून सोडविण्याची ती एक युक्ति आहे. तो ग्रंथ अजून वाचण्यासारखा आहे, कारण त्याच्याशीं अजून वाद घालतां येतो. त्याची तोफ गणितानें खोटी ठरली, आणि ती खोटी ठरवितांनाच खरी वाट सांपडली. त्याचे तोफकार मात्र खरे ठरले, आणि त्यांच्याविषयींचा हिशेब अद्याप पुरा झालेला नाहीं. पहिली गोष्ट अभिमानानें आणि दुसरी निर्भयपणें मुलांना सांगणारें घर या जुन्या पुस्तकाला योग्य तो वाचक देईल, असें आम्हांस वाटतें.